सतरा नंबर : माहिती नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली. सत्तावन्नाव्या वर्षी. एकतीस वर्षं एका दैनिकात मथळे घासले, मग ते दैनिक बंद पडलं आणि आठ महिने मी घरात बायकोच्या पायात पायात केलं. तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला आणि तो तिने लपवलाही नाही.

कार्यालय खलाशी कल्याण संघटनेचं. तिसरा मजला, अरुंद जिना, खिडकीतून बंदरातल्या क्रेनची फक्त टोकं दिसतात. काम असं की आपली माणसं असलेली चोवीस मालवाहू जहाजं सामुद्रधुनीतून ये-जा करतात. तिथे चार वर्षं कुणी ना कुणी कुणावर काही ना काही डागतंय. त्याच्या बातम्या रोज सकाळी गोळा करायच्या, चाळायच्या आणि साडेसातला एका पानाचं पत्रक खलाशांच्या घरी पाठवायचं. पत्रकात जहाजांची नावं नसतात, नंबर असतात. ज्याला त्याला आपला नंबर माहीत.

मुलाखत विभागप्रमुख बाईने घेतली. पस्तिशीची असेल. पूर्वी किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात बसून जहाजांचं बोलणं ऐकायची. तिने तीनच गोष्टी विचारल्या. चष्मा कितीचा, लवकर उठता का आणि मुलं किती. मी म्हटलं, "एक मुलगी. बाहेर असते." हे काही खोटं नाही. मग तिने फॉर्म दिला. सातवी ओळ: 'घरातील कोणी सध्या यादीतील जहाजावर आहे का?' पेल्यात पाच पेनं असताना तिने मला पेन्सिल दिली. मी 'नाही'वर खूण केली.

बुटकी, म्हणजे आमची मुलगी, सतरा नंबरवर आहे. थर्ड ऑफिसर. भिंतीवरच्या यादीत तिचं जहाज सतरावं आहे हे मी बसल्या जागेवरून वाचलं, आणि मग खूण केली.

'हो' लिहिलं असतं तर नोकरी गेलीच होती. आणि मला तिथेच बसायचंय. टीव्हीवरची बोंबाबोंब ऐकून आठ महिने जीव टांगणीला लागलाय. बातमी जिथे आधी पोचते तिथे खुर्ची मिळाली तर ती सोडायला मी काही संत नाही. खलाशांची नावं दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात असतात, बाईचा त्यांच्याशी संबंध नसावा. गेल्या वर्षी हे पत्रक घरी सुरू करायचं का म्हणून विचारणा आली होती, तेव्हा हिनेच नको म्हणून कळवलं होतं. "रोज सकाळी कोण घाबरत बसणार," म्हणाली. तेव्हा आमचं नाव तिथेही नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाईचं नाव मी रडार ठेवलंय. मनातल्या मनात.

आज शिकवणी झाली. मला वाटत होतं, दिवसभर शंभर संकेतस्थळं उघडून बघत बसायचं. तिने मान हलवली. "काका, आपण कुणाच्या दारात जायचं नाही. त्यांनी आपल्याकडे यायचं." याला आरएसएस फीड म्हणतात. संकेतस्थळाच्या मागच्या दारातून एक साधी यादी बाहेर पडत असते: मथळा, तारीख, दोन ओळी आणि मूळ पानाचा दुवा. आपल्याकडचा प्रोग्रॅम त्या याद्या दर दहा मिनिटांनी उचलून आणतो आणि एकाखाली एक मांडतो. जाहिरात नाही, लाल पट्टी नाही, आपण काय पाहावं हे ठरवणारा मधला शहाणा नाही.

तिच्याकडे दोनशे बारा फीड आहेत. नौदलांची पत्रकं, सागरी इशारे देणारी केंद्रं, जहाजांचा विमा उतरवणाऱ्यांची निवेदनं, बंदरांच्या सूचना. क्षेपणास्त्राचा तुकडा बघून ते कुठल्या कारखान्यातलं हे सांगणारा एक निवृत्त इंजिनिअर. उपग्रहाचे फोटो बघत बसणारी दोन भावंडं. यातलं एकही नाव मी एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्याकडे संरक्षणाची बातमी म्हणजे मंत्री रणगाड्यावर चढल्याचा फोटो.

तिच्याजवळ एक जाड रजिस्टर आहे. त्यात प्रत्येक फीडपुढे तो किती वेळाने बोलतो ते लिहिलंय. मला विचारलं, "हे केंद्र दर सहा तासांनी काहीतरी टाकतं. आज चौदा तास गप्प आहे. याचा अर्थ काय?"

"सगळं शांत असेल."

"किंवा त्यांचं यंत्र बंद पडलं असेल. फीड मेला तर ओरडत नाही काका, नुसता गप्प होतो. शांतता आणि बिघाड, दिसायला दोन्ही सारखेच."

मग तिने सरळ त्या परदेशी केंद्राला फोन लावला आणि "तुम्ही आहात ना?" एवढंच विचारलं. त्यांचा सर्व्हर सकाळपासून बंद होता आणि त्यांनाच पत्ता नव्हता. मी नाक मुरडायच्या तयारीने गेलो होतो, ते राहूनच गेलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज वाजलं.

मी पत्रकात पहिली ओळ लिहिली: 'सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी ड्रोनच्या घिरट्या वाढल्याचे समजते.' घोटीव वाक्य होतं. रडारने ते वाचून विचारलं, "कुणाला समजते?"

मी म्हटलं, "अशी पद्धत आहे."

"पण घिरट्या कुणी पाहिल्या?"

शोधत गेलो. आपल्या बातमीने एका मासिकाचा हवाला दिला होता, मासिकाने एका ब्लॉगचा, आणि ब्लॉगवाल्याला एका मच्छीमाराने सांगितलं होतं की त्याच्या मेहुण्याने आवाज ऐकला. रडार म्हणाली, "म्हणजे एकाने ऐकलं आणि पुढच्या तिघांना समजलं."

तिच्या पत्रकात तीन क्रियापदं चालतात. पाहिले, ऐकले, वाचले. प्रत्येकाला मालक हवा. 'समजते', 'कळते', 'बोलले जाते' ही बिनमालकाची क्रियापदं, त्यांना दारातूनच परत पाठवायचं. आणि एक चौथी नोंद आहे: माहिती नाही. "ती लिहायला सगळ्यात जड जाते," म्हणाली. "सवय होईल."

एकतीस वर्षं मी 'समजते'वर संसार केला. घरी येऊन तणतणलो. हिने भाजी चिरताना मान वर न करता सांगितलं, "बरोबर बोलली ती." घरात एक आणि कार्यालयात एक, अशा दोन रडार झाल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रडार आधी साडेसातच्या सुमाराला यायची म्हणे, मी रुजू झाल्यापासून साडेसहाला येते. बस बदलली म्हणाली.

सामुद्रधुनीच्या फीडचं फोल्डर मी एकट्याने उघडायचं नाही, नव्या माणसासाठी नियम आहे. कपाटात जुनं वेळापत्रक सापडलं, त्यात माझ्या आधीचा माणूस पहिल्या दिवसापासून एकटाच ते उघडत होता. अनुभवाला काही मान असतो की नाही?

आणखी एक खोड आहे तिला. जहाजांची हजेरी ती सतरापासून घेते. सतरा, अठरा करत चोवीस, मग एकपासून सोळा. मी विचारलं तर "सवय" म्हणाली. माझं आपलं बरं झालं. पहिल्या मिनिटालाच "सतरा ठीक" ऐकतो, जीव भांड्यात पडतो आणि कुणाला संशयही येत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजचं अक्षर वाकडं येईल.

सकाळी रडार फोनसाठी दुसऱ्या मजल्यावर गेली होती. मी नियम धाब्यावर बसवून फोल्डर उघडलं. सागरी इशाऱ्यांच्या फीडवर एकदम त्रेसष्ट न वाचलेल्या नोंदी. सगळ्यात वर: 'मध्यम आकाराच्या टँकरवर क्षेपणास्त्र. इंजिनरूममध्ये आग. खलाशांनी जहाज सोडले.' तारीख आजची, वेळ सहा चाळीस. जागा सामुद्रधुनीचं दक्षिण तोंड. सतरा काल संध्याकाळी तिथेच नांगरून होतं. सतरा मध्यम आकाराचा टँकर आहे.

पुढचं मी केलं की माझ्या हातांनी केलं, सांगता येत नाही. घरी फोन लावला. हिला म्हटलं, "बुटकीच्या जहाजाला लागलंय. आग आहे." पलीकडून फक्त नळ वाहत असल्याचा आवाज. मी फोन ठेवला आणि पत्रकात ओळ लिहिली, शेवटी 'समजते' लिहिलं, आणि पाठवणार तेवढ्यात रडार मागे येऊन उभी राहिली.

तिने पडद्याकडे पाहिलं. "नंबर बघा."

प्रत्येक इशाऱ्याला अनुक्रमांक असतो. कालचा शेवटचा सहाशे बारा होता. हा दोनशे चार होता. पहाटे त्या केंद्राने आपलं संकेतस्थळ नवं केलं, आणि तसं केलं की कधी कधी जुन्या सगळ्या नोंदी नव्या पत्त्याने, आजची तारीख लावून पुन्हा बाहेर पडतात. ते जहाज तीन वर्षांपूर्वी जळालं होतं. त्यातले सगळे खलाशी वाचले होते, हेही त्याच नोंदीच्या खाली लिहिलेलं होतं. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

ती रागावेल म्हणून मी मान खाली घातली. तिने एवढंच विचारलं, "कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

तिने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग ज्यांना सांगितलं नाहीत त्यांना आधी फोन करा. मी खालून चहा घेऊन येते."

घाईत तिची बोलण्यात गल्लत झाली असावी, पण माझं काम झालं. हिला सांगितलं, जुनी बातमी होती, बुटकी सुखरूप आहे. ती म्हणाली, "हं." नळ अजून वाहतच होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर ही माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी मी चपला घालताना म्हणाली, "अहो, थांबा. काल तुम्ही मला बातमी दिलीत की तुमची भीती दिलीत?"

मी चपला पुन्हा काढल्या.

"मी पंधरा मिनिटं खाली फरशीवर बसले होते. ती गेली असं धरून चालले होते मी. कुणाकुणाला कळवायचं ते मनात लावत होते." मग शांतपणे म्हणाली, "यापुढे तिच्याबद्दल मला तुमच्या तोंडून काही नको. सगळ्यांना जातं ते पत्रक मलाही पाठवा. सगळ्यांना कळेल तेव्हा मला कळू दे."

कानाला खडा लावला. आता अडचण एवढीच की घरचं नाव नोंदवलं तर माझं बिंग फुटायचं. शेवटी हिने माहेरच्या नावाने नोंदणी केली. ही युक्ती माझी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

युक्ती पचली. रडारने नवी नोंदणी पाहिली आणि एवढंच म्हणाली, "सतरावर बावीस माणसं आहेत, घरं एकवीसच होती. चला, पूर्ण झाली." तिला याद्या नीटनेटक्या लागतात.

परवापासून एक विचार डोक्यात आहे. आमच्या संपादकांच्या हाताखाली अशी चूक झाली असती तर त्यांनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा माझा उद्धार केला असता, आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक दुसऱ्या कुणीतरी केली असती. या बाईने रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखला, 'अनुक्रमांक', आणि तो माझ्याकडून भरून घेतला. बाकी शब्द नाही. एवढ्या वयात मी कुणाकडून काम शिकेन असं वाटलं नव्हतं. आजपासून वहीतही 'बाई म्हणाली' असं लिहिणार नाही. बाई म्हणाल्या.

४ मार्च, मंगळवार

काम अंगवळणी पडलं. आज मी एकमेकांची उसनवारी करणारे तीन फीड पकडले. तिघांच्याही बातमीत एकच शुद्धलेखनाची चूक होती, म्हणजे मूळ एकच. बाईंनी तिघांना एकाच ओळीत बसवलं आणि म्हणाल्या, "हे मला चार वर्षांत दिसलं नव्हतं." मी जिना उतरताना शीळ घालत होतो.

संध्याकाळी बुटकीचा फोन आला. खरखर फार. "बाबा, तुमचं पत्रक आमच्या कॅप्टनकडे येतं. भिंतीवर लावतो तो. कोण लिहितं हो? एकदम कोरडं आहे."

"मी लिहितो."

"काहीतरीच. एकसुद्धा 'खळबळ' नाही त्यात."

पुढच्या आठवड्यात ते सामुद्रधुनी ओलांडणार. जागा दाखवणारी यंत्रं आणि फोन दोन दिवस बंद राहतील. "घाबरायचं नाही हं," म्हणाली. पाच फुटांची पोर आणि दोनशे मीटरचं जहाज. आईशी मात्र ती वीस मिनिटं बोलली, आणि ते खरखरीतही दोघींना कसं ऐकू आलं कोण जाणे.

११ मार्च, मंगळवार

सतरा आज सकाळी सामुद्रधुनीत शिरलं. यंत्र बंद केल्याची वेळ पाच वीस. गुरुवारी पलीकडे निघायला हवं.

१२ मार्च, बुधवार

दुपारी दोनला नौदलाच्या फीडवर: 'मध्यम आकाराच्या टँकरवर हल्ला.' अनुक्रमांक पाहिला. आजचाच. नाव दिलेलं नाही. अर्ध्या तासात भावंडांनी उपग्रहाचा फोटो टाकला, त्यात धूर आणि खाली एक काळी रेघ. त्या वेळी तिथे त्या आकाराची चार जहाजं होती. त्यातलं एक सतरा.

खालच्या चहावाल्याच्या टीव्हीवर जहाजाचं नावही सांगून झालं होतं, दोन वेगवेगळी नावं, त्यातलं एक सतराचं. बाईंनी विचारलं, "यांनी कुणाकडून घेतलं?" आम्ही दोघं तासभर माग काढत गेलो. माग एका माणसाच्या अंदाजापर्यंत पोचला आणि तिथे संपला.

पत्रकाची जादा प्रत काढायची ठरली. सतरासमोर काय लिहायचं? बाईंनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला नाही आणि स्वतःकडेही ओढला नाही. मीच लिहिलं: 'सतरा : माहिती नाही.' एकतीस वर्षांत इतका वेळ मला कुठल्या ओळीला लागला नव्हता.

घरी गेलो तर हिच्यासमोर पत्रक उघडं होतं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. टीव्हीची पिन तिने काढून ठेवली होती.

१३ मार्च, गुरुवार

सतरा : माहिती नाही.

बाई सहालाच आल्या होत्या. बस पुन्हा बदलली असावी.

१४ मार्च, शुक्रवार

सतरा : माहिती नाही. बाकीच्या तिघांपैकी दोन जहाजं पलीकडे निघाली. म्हणजे जळतंय ते सतरा तरी आहे, नाहीतर ते दुसरं. दोन जहाजं उरली आहेत. हे गणित करायचं नाही असं ठरवतो आणि करतो.

दुपारी फोन घेण्याची पाळी माझी होती. सतरावरच्या स्वयंपाक्याची आई होती.

"ते तुम्ही 'माहिती नाही' लिहिताय, ते खरंच नाही, का आम्हाला सांगत नाही?"

"खरंच नाही, मावशी."

"मोठ्या लोकांना माहीत असतं सगळं. आमच्यापासून लपवतात. तुम्हाला काय जातंय लिहायला? तुमचं कोण आहे तिथे?"

उत्तर ठरलेलं असतं. 'आम्हाला तुमची काळजी कळते' वगैरे, कागदावर लिहून समोर चिकटवलेलं आहे. मी म्हटलं, "माझी मुलगी आहे. सतरावरच."

मावशी म्हणाली, "तुम्हालाही माहिती नाही?"

"नाही."

"बरं. मग खरंच नसेल." आणि थोड्या वेळाने, "काही खाल्लंत का तुम्ही?"

फोन ठेवला. बाई समोरच बसल्या होत्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. उठलो, म्हटलं, "फॉर्मवर मी खोटं लिहिलं. राजीनामा आजच देतो."

बाईंनी खणातून माझा फॉर्म काढला. "नियम असा आहे काका, की ज्याचं माणूस तिथे आहे त्याने एकट्याने पत्रक पाठवायचं नाही. तुम्ही कधी एकट्याने पाठवलंय का?"

आठवून पाहिलं. एकदाही नाही. दर वेळी योगायोगाने त्या शेजारी होत्याच.

"मग झालं तर." त्यांनी खोडरबर पुढे केलं. खूण पेन्सिलीची होती, लगेच गेली. कार्यालयात पेनं कमी पडतात म्हणून मी वाचलो. माझ्यासारख्या नशीबवान माणसाने खरं तर कुरकुर करू नये.

एवढी मोठी गोष्ट मी सांगितली आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. रेडिओ केंद्रात राहून माणूस असा होत असेल.

१५ मार्च, शनिवार

सतरा : माहिती नाही.

आज ते लिहिताना एक जाणवलं. बावीस घरांत बुधवारपासून शंभर अफवा पोचल्या असतील. कुणाचा भाचा नौदलात, कुणाचा शेजारी बंदरात. त्या सगळ्यांत ही दोन शब्दांची ओळच तेवढी कुणी तपासून लिहिली होती. बाई दिवसभर फोनवर होत्या. सात बंदरं, तीन केंद्रं, एक विमा कंपनी. सगळ्यांना एकच प्रश्न, "पाहिलंत की ऐकलंत?" कुणी 'समजतं' म्हटलं की धन्यवाद देऊन ठेवून द्यायच्या. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि भीती वाटत असतानाही मला अभिमान वाटत होता. असं काम करणाऱ्या माणसाशेजारी बसायला मिळालं हे मी बुटकीला सांगणार आहे.

सांगणार आहे असं लिहिलंय. तसंच राहू दे.

१६ मार्च, रविवार

सहा बावन्न. सामुद्रधुनीच्या अलीकडच्या बाजूला, वाटेवरही नसलेल्या एका लहान बंदराच्या फीडवर नांगरलेल्या जहाजांची यादी आली. पाचवी ओळ सतराची होती. 'आगमन ०४:१०.' तारीख पाहिली. अनुक्रमांक पाहिला. कालच्या यादीला लागून होता. मूळ पान उघडलं. तेच.

माझा हात फोनवर गेला. घरी ही जागीच असणार, फोन उशाशी घेऊन. एक वाक्य. चार शब्द.

बाई म्हणाल्या, "एकाने पाहिलं. आता कुणीतरी ऐकायला हवं." त्या माझ्या हाताकडे बघत नव्हत्या. त्यांनी आपल्या जुन्या रेडिओ केंद्राला फोन लावला. तिथला माणूस नवा होता, तो म्हणाला नोंदवही बघून सांगतो. मग तो गेला. आम्ही बसून राहिलो. मी फोन खणात ठेवला, खण बंद केला आणि त्यावर गुडघा टेकवून बसलो. ही फरशीवर बसलेली मला दिसत होती. त्या मावशी दिसत होत्या. यादी चुकीची असली तर? नावात एका अक्षराचा फरक असलेलं दुसरं जहाज असलं तर? एकदा मी हिला मुलगी मेल्याचं सांगितलंय. ती जिवंत असल्याचं चुकीचं सांगितलं तर त्यापुढे मला घरात तोंड राहिलं नसतं.

सात एकतीसला फोन आला. समोरच्या जहाजाला लागल्यावर सतराच्या कॅप्टनने तोंड फिरवलं होतं, सगळं बंद ठेवून किनाऱ्याकिनाऱ्याने परत आला होता. पहाटे साडेतीनला त्या बंदराला त्यांनी हाक दिली होती. हाक देणारा आवाज एका मुलीचा होता, असं नोंदवहीत लिहिलेलं होतं. बावीस जण, सगळे ठीक.

मी लिहिलं: 'सतरा : बंदराने पाहिले, किनारा केंद्राने ऐकले. बावीस जण सुखरूप.' बाईंनी वाचलं, मान हलवली. पत्रक सात तेहेतीसला गेलं. तीन मिनिटं उशीर.

मग खण उघडला आणि घरी फोन केला. हिने पहिल्या घंटेलाच उचलला.

"वाचलं," ती म्हणाली. मग, "तुम्हाला कधी कळलं?"

"सहा बावन्नला."

"एक्केचाळीस मिनिटं."

"हो."

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"त्या स्वयंपाक्याच्या आईला कधी कळलं?"

"तुला कळलं तेव्हाच. सात तेहेतीसला."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि रडायला लागली. पाच दिवसांत पहिल्यांदाच. मीही रडलो, समोर बाई असताना, लाज न वाटता. मग फोन तसाच कानाला धरून मी डाव्या हाताने फोल्डर पुढे सरकवलं, कारण जळालेल्या जहाजावरही माणसं होती आणि खाली अजून तेवीस नंबर बघायचे होते.